डिगबोई बघायला जाताय? मग तेल नंतर, आधी रेल्वे

आसामला जाणारे आपले लोक काझीरंगा, माजुली, शिवसागर करतात आणि दिब्रुगडहून विमानात बसून परत येतात. तिथून पुढे जेमतेम ऐंशी किलोमीटरवर डिगबोई आहे, भारतातली पहिली धंद्याची तेलविहीर जिथे निघाली ते गाव, आणि जे कोणी जातात ते पण काय करतात तर टॅक्सीने थेट तेलाचं म्युझियम, डेरिकसमोर (म्हणजे तेलविहिरीवरच्या उंच सांगाड्यासमोर) फोटो, चहा, आणि दीड तासात बाहेर. वर म्हणतात, छान आहे पण काही खास नाही बुवा. अहो गाव असं बघायचंच नसतं. जुने रूळ, जुन्या कंपन्या, जुनी घरं असल्या गोष्टींचं वेड असेल तर दोन दिवस काढा आणि मी सांगतो त्या क्रमाने बघा.

टॅक्सी तिनसुकियापर्यंतच घ्या. तिथून लेडोकडे जाणाऱ्या गाडीत बसा, गाड्या कमी आहेत म्हणून वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा, आणि खिडकीची जागा पकडा. चहाचे मळे, मग जंगल, मग डिगबोई. हा रूळ डिगबोईसाठी टाकलेलाच नव्हता, आणि गावाची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

म्हणजे बघा, या भागात जमिनीतून तेल पाझरतं हे इंग्रजांना १८२० च्या दशकापासून ठाऊक होतं. मार्च १८६७ मध्ये माकूमच्या भागात गुडइनफ नावाच्या माणसाने विहीर खणून ११८ फुटांवर तेल काढून पण दाखवलं होतं. पुढे काय? काही नाही. जंगलातून तेल न्यायचं कशावरून, हत्तीवरून? सगळं बारगळलं. मग १८८१ मध्ये लंडनला आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी निघाली. तिला हवे होते चहा, लाकूड आणि मार्घेरिटाजवळचा कोळसा, आणि त्यासाठी तिने दिब्रुगडच्या स्टीमर घाटापासून मीटर गेज लाईन टाकायला घेतली, १८८२ मध्ये पहिला तुकडा सुरू झाला आणि १८८४ मध्ये गाडी मार्घेरिटापर्यंत पोचली. तेल या सगळ्यात बाय-प्रॉडक्ट. पण आता दाराशी मालगाडीची वाघीण उभी राहू शकत होती ना, म्हणून सप्टेंबर १८८९ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने डिगबोईत विहीर खणायला घेतली आणि १८९० मध्ये ६६२ फुटांवर ती पुरी झाली. तेल तेच, जंगल तेच, पाऊस तोच, वीस वर्षांत फरक पडला तो रुळांचा.

हत्तीच्या पायाला काळं तेल लागलेलं दिसलं आणि साहेब ओरडला "डिग बॉय, डिग", म्हणजे खण पोरा, खण, आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे ऐकवतील. गोष्ट झकास आहे, ऐका, पुरावा मागत बसू नका. साहेब मात्र खरा होता, डब्ल्यू. एल. लेक, रेल्वे कंपनीचाच इंजिनिअर.

स्टेशनवर उतरलात की आता म्युझियम. जाण्याआधी चालू आहे का ते फोन करून किंवा हॉटेलात विचारून खात्री करा, सुट्टीच्या दिवशी जाऊन दारावरून परत आलेले लोक भेटतात. आत पहिल्या विहिरीच्या जागेवर डेरिक उभं आहे. त्याच्यासमोर सेल्फी झाली की जरा बाजूला उभं राहून एक हिशोब करा. ही विहीर सुरुवातीला दिवसाला २०० गॅलन द्यायची, म्हणजे साधारण ९०० लिटर. आपल्याकडे हायवेवर दिसणारा बारा हजार लिटरचा टँकर भरायला तिला तेरा-चौदा दिवस लागले असते. एवढ्याशा धारेवर कंपनी उभी केली त्या लोकांनी, १८९९ मध्ये तेलासाठी वेगळी आसाम ऑइल कंपनी काढली आणि ११ डिसेंबर १९०१ ला डिगबोईची रिफायनरी चालू केली. ती आजही चालू आहे. तिथल्या कच्च्या तेलात मेण भरपूर, त्यामुळे डिगबोईचं मेण पण प्रसिद्ध.

"आशियातली पहिली तेलविहीर" असं लिहिलेलं वाचाल, ते मनावर घेऊ नका. बाकूला १८४० च्या दशकातच विहीर खणली होती आणि बाकू पण आशियातच धरतात बरेच जण. भारतातली पहिली धंद्याची विहीर म्हणा, तेवढ्याने डिगबोईचं काही कमी होत नाही.

रिफायनरी आतून बघायला मिळेल या आशेवर राहू नका. सीआयएसएफचा पहारा असतो, गेटचा फोटो काढायच्या भानगडीत पण पडू नका. क्षमता वर्षाला साडेसहा लाख टन. आपल्या मुंबईतल्या माहूलची बीपीसीएलची रिफायनरी एक कोटी वीस लाख टनांची, म्हणजे हिच्या अठरापट. आणि दोघींचं नातं पण आहे बरं का. १९२१ पासून डिगबोई बर्मा ऑइल या ब्रिटिश कंपनीच्या हातात गेली आणि माहूलला १९५५ मध्ये जी बर्मा-शेल रिफायनरी आली त्यातला बर्मा तो हाच. माहूलचं राष्ट्रीयीकरण १९७६ ला, डिगबोई इंडियन ऑइलकडे आली १४ ऑक्टोबर १९८१ ला.

आता दुपारचं काम, आणि माझ्या मते हेच मुख्य. गाव चढउताराने बघा. भुसावळची रेल्वे कॉलनी पाहिली असेल तर साहेबांचे बंगले कुठे आणि रेल्वेच्या खलाशी कामगारांच्या खोल्या कुठे हे तुम्हाला डोळे मिटून कळतं, तसंच इथे, फक्त इथे टेकड्या आहेत त्यामुळे हुद्दा सरळ उंचीने मोजता येतो. वर टेकडीवर चांग बंगले. चांग बंगला म्हणजे खांबांवर उचललेलं घर, खाली माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा, वर लाकडी जमीन, भोवती रुंद व्हरांडा आणि डासांसाठी जाळ्या. ओल, साप, जनावरं खालून जाऊ देत, साहेब वर कोरडे. शेजारी क्लब, अठरा होलचं गोल्फ कोर्स. आणि खाली उतरत गेलात की बाबू लोकांची घरं, मग मजुरांच्या लाईनी, मग बाजार. बंगल्यांत लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, गेट ढकलून आत शिरू नका.

बाजारात कान उघडे ठेवा. असमिया, बंगाली, नेपाळी, हिंदी, पंजाबी, चहामळ्यातल्या लोकांची सादरी, सगळं एका गल्लीत ऐकू येतं, कारण कंपनीने माणसं मिळतील तिथून आणली. आणि ती माणसं गप्प बसली नव्हती. १९३९ मध्ये इथे मोठा संप झाला, गोळीबार झाला, कामगार मेले, आणि हे सगळं प्रांतात काँग्रेसचं सरकार असताना. डेरिकबद्दल सगळे बोलतात, संपाबद्दल तुम्हाला स्वतः विचारावं लागेल. बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, चहा पाजा, बोलतात लोक.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावाला एकदम महत्त्व आलं. १९४२ मध्ये बर्मा जपान्यांकडे गेला, तिथल्या रिफायनऱ्या इंग्रजांनी जाताना स्वतःच उडवल्या, मग या भागात सैन्याला तेल देणार कोण तर डिगबोई. याच काळात उत्पादन दिवसाला ७,००० बॅरलपर्यंत गेलं, पुन्हा कधीच नाही. पेंगेरीच्या रस्त्यावर वॉर सिमेटरी आहे तिथे संध्याकाळी न जाता सकाळी जा. दोनशे थडगी, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची, गवत नीट कापलेलं. नावं वाचत जा, वयं वाचा, विशी-बाविशीतली पोरं. शेजारी शेजारी वेगवेगळ्या रेजिमेंटची माणसं दिसतात, कारण इथे सुरुवातीला लष्करी हॉस्पिटलमधले मृत पुरले आणि नंतर मार्घेरिटा, लेडो, तिनसुकिया अशा आजूबाजूच्या ठिकाणची थडगी पण इथे हलवली.

मग एवढं सगळं असून गाव छोटंच का राहिलं? कारण १९५३ मध्ये नाहरकटियाला मोठं तेल सापडलं, पुढे ऑइल इंडियाचं ऑफिस दुलियाजानला बसलं, आणि त्या तेलासाठी नव्या रिफायनऱ्या गुवाहाटी आणि बरौनीला झाल्या. पैसा, नोकऱ्या, साहेब सगळं तिकडे सरकलं. स्थानिकांना याचं वाईट वाटतं आणि बरोबर आहे, पण बघणाऱ्याच्या दृष्टीने म्हणाल तर त्यामुळेच गाव अजून एका फेरीत वाचता येतं. दुलियाजानला जाऊन बघा, ती टाउनशिप आहे, स्वच्छ, आखीव, आणि कंटाळवाणी.

दुसऱ्या दिवशी त्याच रुळाने पुढे. मार्घेरिटा हे नाव इटलीच्या राणीचं, लाईनीवरचा मोठा इंजिनिअर इटालियन होता म्हणून. इथे कोल म्युझियम आहे. याच भागात सिंगफो लोकांच्या घरी बांबूत भरून धुरावर ठेवलेला चहा मिळतो, फालाप म्हणतात, दूध-साखर मागू नका. लेडोला रूळ संपतात. पूर्वी मीटर गेज अजून थोडं पुढे लेखापानीपर्यंत जायचं, ते बंद झालं. लेडोहूनच लढाईत बांधलेला स्टिलवेल रोड सुरू होतो, बर्मातून पार चीनच्या कुनमिंगपर्यंत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते मार्च जा, पावसाळ्यात इथे पाऊस जोरदार असतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो त्यामुळे "जेवून निघू" करत बसलात तर दिवस गेला, सकाळी सहाला बाहेर पडा. कोणी मळ्यातला माणूस वेळ देत असेल तर घड्याळाची की बागानची ते विचारा, मळ्याची वेळ एक तास पुढे असते. जंगलात, म्हणजे दिहिंग पटकाईच्या बाजूला, हुलॉक गिबन बघायचे असतील तर स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि पहाटेच जा. आणि स्टिलवेल रोडने पुढे नामपोंग, पांगसाउ खिंडीकडे जायचा विचार असेल तर ते अरुणाचल आहे, इनर लाईन परमिट लागतं, ते ऑनलाइन निघतं, घरूनच काढून प्रिंट बरोबर ठेवा, कारण त्या रस्त्यावर नेटवर्क असेलच असं नाही.