कुत्र्या-मांजरांचा एमआरआय करण्यापूर्वी

डॅक्सहुंडसारखा लांब पाठीचा कुत्रा मागचे पाय ओढत चालू लागला, फरशीवर त्याची नखे घासल्याचा आवाज येऊ लागला, तर मणक्यातील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, म्हणून पशुवैद्यक एमआरआय, म्हणजे शक्तिशाली चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतले चित्र घेणारी तपासणी, सुचवतात. माणसाला ‘हलू नका’ असे सांगता येते, प्राण्याला नाही. त्यामुळे साधारण पाऊण ते दीड तासाच्या या तपासणीसाठी त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि खरी जोखीम यंत्राची नसून भुलेची असते. म्हणूनच आधी रक्ततपासणी होते, वयस्कर किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांबाबत अधिक काळजी घेतली जाते. किती तास उपाशी ठेवायचे आणि पाणी कधी बंद करायचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. पहाटे आजीने प्रेमाने भरवलेले अर्धे बिस्कीटही लपवू नये, कारण भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. यंत्रात चुंबक असल्याने पट्टा, घुंगरू काढावेत. शरीरात मायक्रोचिप (ओळखीसाठी त्वचेखाली बसवलेली बारीक चिप), जुना छर्रा किंवा हाडात बसवलेली धातूची पट्टी असल्यास आधीच सांगावे. चिपमुळे सहसा इजा होत नाही, मात्र तिच्या आसपासचे चित्र बिघडते.