फिश ऑइल घेताय? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

बाटलीवर ‘१००० मि.ग्रॅ. फिश ऑइल’ असं ठळक लिहिलेलं असतं, पण कामाचं असतं ते त्यातलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातले ओमेगा-३ प्रकारचे उपयोगी स्निग्ध घटक.

१. मागच्या लेबलवर हे दोन आकडे शोधून बेरीज करा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२० असतात, म्हणजे जेमतेम ३०० मि.ग्रॅ. हे आकडे एका कॅप्सूलचे आहेत की दोनचे, तेही बघा. कमी किमतीची बाटली कधी कधी इथेच महाग पडते.

२. घरात मासे खात असाल तर आधी मासळी बाजारात जा, मुंबईत असाल तर दादर किंवा सिटीलाइटच्या. बांगडा आणि तारली या दोन्हींत ओमेगा-३ भरपूर, आणि पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. आठवड्यातून दोनदा कालवण करा, तळण कमी. धडधाकट माणसाने एवढं खाल्लं तर माझ्या मते कॅप्सूलवर पैसे घालायची गरज नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल सुरू करू नका. आणि ट्रायग्लिसराइड्ससाठी (रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीसाठी) कॅप्सूल डॉक्टरांनीच दिली असेल, तर हे वाचून बंदही करू नका.