जुव्याच्या डोंगरावर गट नेताना: आधी ओहोटी, मग गड

सांत इस्तेव, म्हणजे गोव्यातल्या मांडवी नदीतले आपले जुवे बेट. इथला डोंगर बुटका आहे, त्यामुळे दमछाकीची चिंता नको. अडचण वेगळीच आहे. लोक गाडीतून उतरतात, थेट वर जातात, गडाचे पडके जांभ्याचे बांधकाम आणि ख्रिस्तराजाचा पुतळा पाहून परततात. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री इथे काय घडले, ते त्यांना कळतच नाही, कारण ती मराठे-पोर्तुगीज लढाई पाण्याची होती. म्हणून फेरीची सुरुवात काठावरून करा.

दिवस पंचांग पाहून ठरवा. कोकणपट्टीचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सुमारे सव्वासहा तास, सकाळी सव्वासातला, ओहोटी. प्रतिपदा-द्वितीया सकाळच्या फेरीला उत्तम. पण हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा आहे आणि मांडवीत आत पाणी उशिरा वळते. आदल्या दिवशी त्याच जागी उभे राहून ओहोटीची खरी वेळ घड्याळात पाहा, दुसऱ्या दिवशीसाठी त्या वेळेत 50 मिनिटे मिळवा. हे न केल्यास गट चिखल बघायला येतो आणि समोर तुडुंब पाणी असते.

पणजीहून जुने गोवे, बाणस्तारी, माशेल या वाटेने पुलावरून बेटावर या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. साडेसहाला जमा, पंधरापेक्षा जास्त माणसे घेऊ नका, पुढे एक आणि मागे एक जाणता ठेवा. माणशी दीड लिटर पाणी, पूर्ण पायघोळ विजार, घोटा झाकणारे बूट. चपलांवर आलेल्यांना काठावरच थांबवावे. वाईटपणा आला तरी चालेल.

पहिला थांबा खाजनाजवळ, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीजवळ, निदान वीस मिनिटांचा. बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार) आणि उघडा पडलेला चिखल दाखवा. मानसाची दारे भरतीच्या रेट्याने मिटतात, ओहोटीला उघडतात, हे डोळ्यांनी दिसले की पुढचे समजावणे सोपे जाते. बांधावर एकामागे एक चाला. खेकड्यांच्या बिळांनी कडा पोकळ होतात आणि दोघे शेजारी चालले की एकाचा पाय खचतो. बांध शेतकऱ्यांचे आहेत, आधी विचारून जा.

मग गोष्ट इथेच सांगा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. मराठा सरदार येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी आतून लढले. संभाजी महाराज कुमक घेऊन पोचल्यावर पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर काही दिवसांतच मराठ्यांनी ओहोटी साधून रात्री हे बेट गाठले आणि गड घेतला. बेट परत घ्यायला आलेल्या पोर्तुगीजांनाही माघारी फिरावे लागले.

चढताना घाई नको. जांभ्यावर सुकी पाने आणि सुटे खडे असतात. वर जाताना त्रास होत नाही, उतरताना मात्र तेच घसरवतात. पावसाळ्यात शेवाळ धरते, तेव्हा फेरी ठेवूच नये. ऑक्टोबरच्या दुपारी विजा चमकतात, उघड्या माथ्यावर थांबणे धोक्याचे. दगडाच्या फटीत हात घालू देऊ नका, जांभ्याच्या मुलखात फुरसे असते. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही करू नका. अवयव स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि माणसाला चालू न देता उचलून खाली आणा.

माथ्यावर पडक्या भिंतींवर कुणाला चढू देऊ नका. चिरे सुटलेले असतात आणि प्रत्येक फोटोसाठी एखादा ढळतो. सगळ्यांना नदीकडे तोंड करून बसवा. समोर मांडवी आणि दिवाडी. तेव्हा पोर्तुगीजांची राजधानी असलेले जुने गोवे काही किलोमीटरवरच. जुवे गेले तेव्हा शहरात का थरकाप उडाला, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड तिथे ठेवला, तो प्रसंग इथेच सांगा. पुढे औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज रामघाटाने उतरली आणि मराठ्यांना गोव्यावरचा जोर आवरावा लागला.

संभाजी महाराजांनी घोडा पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळ चिटणिसांनी त्यांना वाचवले, ही कथा परंपरा म्हणूनच सांगावी; कागदपत्रांची आणि परंपरेची सरमिसळ झाली की ऐकणाऱ्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. आणखी एक. त्या रात्री गावही लुटले गेले. ज्यांच्या अंगणापुढून आपण चढलो, त्यांचे ते गाव. जयघोष, घोषणा, झेंडे इथे नकोत. पुतळ्याच्या चौथऱ्यावर पाय टाकून बसू नये.

नऊच्या आत उतरायला लागा, दगड तापतो. खाली येईपर्यंत पाणी चढलेले असेल. सकाळच्याच जागी गटाला पुन्हा उभे करा आणि मघाचा चिखल शोधायला सांगा.