सोफ्याच्या बैठकीवरची फाट: हाताने शिवलेली, अखेर टिकलेली

तीन आसनी सोफ्याच्या मधल्या बैठकीवर काटकोनात फाट होती, सुमारे ७ सेंमी. शिवण उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. आधी साध्या सुईने वरून टाके घातले; कोणी बसलं की ते कडेचे धागे ओढून भोक मोठं करत. मग झटपट चिकटणारा गोंद लावला, तो कडक होऊन कडेलाच तडकला. दोन महिने त्यावर उशी ठेवून दिवस काढले, फार वैताग आला.

चूक ही होती की ताण फाटलेल्या कडांवरच येत होता. तो खालच्या ठिगळाने घ्यायला हवा.

फक्त सुटे धागे कापले, कापडाच्या विणीला हात लावला नाही. जुन्या जीन्सचं ठिगळ फाटीपेक्षा चहूबाजूंनी अडीच सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेलं. घडी घालून चिमट्याने आत सरकवलं, लोणी लावायच्या सुरीने सपाट केलं. कापडाचा गोंद ठिगळाच्या फक्त वरच्या बाजूला, म्हणजे फोमला चिकटत नाही. कडा जुळवून टाचण्या, वर जाड पुस्तकं, रात्रभर.

सकाळी अर्धगोल सुई आणि पॉलिस्टरचा दोरा, कापडापेक्षा एक छटा गडद; फिका दोरा लगेच डोळ्यात भरतो. पहिला टाका काटकोनाच्या कोपऱ्यात. नंतर एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, ३ मिमीचे टाके, दर चार टाक्यांनी हलकेच ओढून. शेवटी गाठ मारून सुई आतून ५ सेंमी लांब बाहेर काढली आणि दोरा कापडालगत कापला.