उमेदवाराला शिक्षा झालेली आहे? त्याचा अर्ज टिकेल का, ते असं तपासा

‘त्याच्यावर चौदा गुन्हे आहेत, तरी तिकीट कसं मिळालं?’ हा प्रश्न दर निवडणुकीत कट्ट्यावर येतोच. चौदा काय, चाळीस गुन्हे दाखल असले तरी कायदा आडवा येत नाही. तो येतो न्यायालयाने दोषी ठरवल्यावर, आणि तेही कलम कोणतं, शिक्षा किती आणि तारीख कोणती हे पाहून. या तीन गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

खालची पद्धत लोकसभा-विधानसभेसाठी आहे. लागतात तीन कागद: उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं नमुना २६ मधलं शपथपत्र, खटल्याचं निकालपत्र, आणि अपिलात काही आदेश झाला असेल तर त्याची प्रत.

शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ‘नो युवर कँडिडेट’ या ॲपवर मिळतं. स्कॅन केलेले पानामागून पान कागद असतात, पण सगळे वाचायची गरज नाही. मुद्दा ५ म्हणजे प्रलंबित खटले: गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमं, आरोप निश्चित झाले का. मुद्दा ६ म्हणजे दोषी ठरलेले खटले: निकालाची तारीख, शिक्षा, अपील केलं का आणि त्याची सध्याची स्थिती. आपलं काम सहाशी. काही नसेल तर तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावं लागतं. रकाना कोरा ठेवला आणि निवडणूक अधिकाऱ्याने आठवण करूनही भरला नाही, तर अर्ज फेटाळता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

आता लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ८ उघडा. त्यात तीन चाळण्या आहेत.

पहिली, ८(१), सगळ्यात बारीक. यात ठरावीक गुन्ह्यांची यादी आहे: दोन समाजांत तेढ पसरवणं, निवडणुकीतली लाचखोरी, बलात्कार, विवाहितेचा छळ, अमली पदार्थ, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, यूएपीए (बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा) वगैरे. इथे शिक्षा किती हे पाहायचंच नाही. नुसता दंड झाला तरी निकालापासून सहा वर्षं बाद. म्हणजे तेढ पसरवण्याच्या कलम १५३अ खाली पाच हजारांचा दंड भरून ‘सुटलेला’ माणूससुद्धा सहा वर्षं उभा राहू शकत नाही. हे भल्याभल्या कार्यकर्त्यांना ठाऊक नसतं. जुन्या यादीत भारतीय दंड संहितेची कलमं आहेत. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं दिसतील. १५३अ चं १९६ झालं, ३७६ (बलात्कार) चं ६४, ४९८अ (विवाहितेचा छळ) चं ८५.

दुसरी चाळणी साठेबाजी-नफेखोरी, अन्न व औषधातली भेसळ आणि हुंडा यांची. सहा महिने किंवा जास्त कैद झाली तर अपात्र.

तिसरी, ८(३), उरलेल्या सगळ्या गुन्ह्यांसाठी. दोन वर्षं किंवा जास्त. बरोबर दोन वर्षं झाली तरी अपात्र, एक दिवस कमी असेल तर पात्र. एकाच खटल्यात वेगवेगळ्या कलमांखाली छोट्या छोट्या शिक्षा असतील तर निकालपत्राचं शेवटचं पान वाचा. त्या एकत्र भोगायच्या असतील तर सगळ्यात मोठी धरायची, एकामागून एक भोगायच्या असतील तर बेरीज करायची. २००५ मध्ये केरळच्या पी. जयराजन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बेरीज ग्राह्य धरली. पुढे माफी मिळून माणूस लवकर सुटला, तरी आकडा न्यायालयाने सुनावलेला घ्यायचा.

सहा वर्षांचा हिशेब

इथे सर्वाधिक घोळ होतो. कैदेची शिक्षा असेल तर अपात्रता निकालाच्या दिवशी सुरू होते आणि सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. समजा निकाल १२ जून २०१५ चा, शिक्षा दोन वर्षं, त्याच दिवशी आत गेला आणि १२ एप्रिल २०१७ ला शिक्षा भोगून बाहेर आला. बंदी एप्रिल २०२३ पर्यंत, म्हणजे जवळपास आठ वर्षं. जामिनावर बाहेर येणं म्हणजे सुटका नव्हे. अपील पडून आहे आणि माणूस जामिनावर फिरतोय, तर सहा वर्षांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. ‘निकाल लागून सात वर्षं झाली की’ हा युक्तिवाद कैदेच्या प्रकरणात टिकत नाही.

यातून आयोग सूटही देऊ शकतो, कलम ११ खाली. सिक्कीमचे प्रेमसिंह तमांग यांची सहा वर्षांची बंदी आयोगाने सप्टेंबर २०१९ मध्ये एक वर्ष एक महिन्यावर आणली. ते तेव्हा मुख्यमंत्री होते. कायद्यात बसतं, पण पटत नाही.

स्थगिती नेमकी कशाला?

सगळ्या तपासणीतला कळीचा कागद हा. अपिलातला आदेश बहुधा इंग्रजीत असतो. त्यात ‘सेन्टेन्स’, म्हणजे शिक्षा स्थगित केली असेल तर माणूस फक्त तुरुंगाबाहेर आला; अपात्रता तशीच. ‘कन्व्हिक्शन’ला, म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती असेल तरच निवडणूक लढवता येते. सावनेरचे सुनील केदार यांना नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. जानेवारीत उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला, पण दोषसिद्धी कायम राहिली. २०२४ ला ते उभे राहू शकले नाहीत, सावनेरमधून त्यांच्या पत्नी लढल्या. उलट राहुल गांधींची मार्च २०२३ मध्ये गेलेली खासदारकी ४ ऑगस्टला दोषसिद्धीला स्थगिती मिळाल्यावर तीन दिवसांत परत आली. पूर्वी आमदार-खासदारांना अपिलासाठी तीन महिने मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने ती सवलत गेली.

आदेश शोधायला न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टाका. महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांचा क्रमांक ‘एमएच’ने सुरू होतो. नुसत्या नावाने शोधलंत तर एकाच नावाची पाच माणसं सापडतील. वडिलांचं नाव आणि पोलीस ठाणं जुळल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नका.

हरकत घ्यायची असेल तर

पात्रता पाहायची ती छाननीच्या दिवशी. त्यानंतर निर्दोष सुटला तरी त्या अर्जाला उपयोग नाही. छाननीच्या दालनात उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेला एक माणूस एवढेच बसू शकतात. साध्या मतदाराला आत प्रवेश नाही, म्हणून कागद आदल्या दिवशीच दुसऱ्या एखाद्या उमेदवाराकडे पोचवा. निकालाची प्रमाणित प्रत हवी. वर्तमानपत्राच्या कात्रणावर अर्ज उडत नाही.

शपथपत्रात खटला लपवला, एवढ्यावर मात्र अधिकारी अर्ज फेटाळत नाही. त्यासाठी तुम्ही स्वतःचं विरोधी शपथपत्र देऊ शकता, तेही लोकांसमोर ठेवलं जातं. खोट्या माहितीवर कलम १२५अ खाली तक्रार वेगळी. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

अपात्र माणूस तरीही निवडून आलाच, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. शेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर मुदत संपलेली असते.

ग्रामपंचायतीला हे आकडे लावू नका. तिथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ लागतं: सहा महिने कैद पुरते, बंदी सुटकेपासून पाच वर्षं, आणि दारूबंदी कायद्याखालची शिक्षाही चालते अपात्र ठरायला. निवडून आलेल्या सदस्याविरुद्ध दाद मागायची ती जिल्हाधिकाऱ्यांकडे.