अठराच्या आत केस झाली होती आणि आता सैन्यात जायचंय? मग हे करा

आमच्याकडं एक वाक्य ठरलेलं आहे, "पोरावर केस पडली, आता भरती विसरा." मी गेली काही वर्षं सकाळी पोरांना पळवतोय आणि या एका वाक्यापायी चांगली पळणारी पोरं मैदान सोडून गेलेली बघितलीत, म्हणून बसून हे लिहितोय. घटना घडली तेव्हा वय अठराच्या आत असेल तर कायदा बराचसा तुमच्या बाजूनं आहे, पण तो कागदावर दाखवावा लागतो आणि तो कागद ग्राउंडच्या आधी हातात पाहिजे.

सगळ्यात आधी तारीख बघा

केस कधी चालली, निकाल कधी लागला ते सोडा, घटनेच्या दिवशी तुमचं वय काय होतं तेवढं बघा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सगळं त्या दिवसावर ठरतं. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट चालतं, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. कधी कधी घाईत पोलिसांनी वय १९ लिहिलेलं असतं आणि केस मोठ्यांच्या कोर्टात चालते. असं झालं असेल तर घाबरू नका, कलम ९ प्रमाणे "मी तेव्हा अल्पवयीन होतो" हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, अगदी निकाल लागून गेल्यावरसुद्धा मांडता येतो.

नेमकं काय नोंदलंय ते काढा

खूप पोरांना हेच माहीत नसतं. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत गुन्हा घोर नसेल आणि सोबत कोणी मोठा माणूस आरोपी नसेल तर नियमाप्रमाणे एफआयआर होतच नाही, स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट बाल न्याय मंडळाकडं जातो, त्यालाच सगळे जेजे बोर्ड किंवा नुसतं बोर्ड म्हणतात. म्हणजे गावभर "गुन्हा दाखल झाला" म्हणून बोभाटा आणि प्रत्यक्षात एफआयआरच नाही असंही निघू शकतं. जिल्ह्याच्या या बोर्डात अर्ज करून शेवटच्या ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल मागा. तुमचा प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुमची माहिती घेऊन बोर्डाला रिपोर्ट देणारा अधिकारी, आठवत असेल तर आधी त्यांना भेटा, केस नंबर त्यांच्याकडून लवकर मिळतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नियमात बसत असाल तर वकील फुकट मिळतो.

केस अजून लटकलेली असेल तर तिला आधी हात घाला. किरकोळ गुन्हा, म्हणजे ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, त्याची चौकशी चार महिन्यांत आणि मुदत वाढवून आणखी दोन महिन्यांत संपली नाही तर ती कायद्यानंच संपते. मारामारी-शिवीगाळीच्या कितीतरी केसेस अशा नुसत्या धूळ खात असतात. बोर्डाकडं अर्ज करून "कार्यवाही संपली" अशी लेखी ऑर्डर घ्या.

कायदा तुम्हाला काय देतो

कलम २४ सांगतं की या कायद्याखाली ज्या मुलाची केस चालली त्याला शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही. कलम ७४ सांगतं की केस संपली असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती माहिती उघड करायची नाही. केंद्रीय दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून निवड झालेल्या एका मुलाच्या बाबतीत २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं, की अल्पवयात केलेल्या गोष्टीचा डाग पुढं आयुष्यभर चिकटवायचा नाही.

पण एक अपवाद आहे आणि तो लपवून मी तुमचा वेळ वाया घालवणार नाही. वय सोळा ते अठरा, गुन्हा खून-बलात्कारासारखा घोर, आणि बाल न्यायालयानं (हे जेजे बोर्डाहून वेगळं कोर्ट) मोठ्या माणसासारखी केस चालवून दोषी ठरवलं, तर कलम २४ चं हे संरक्षण मिळत नाही.

आता रेकॉर्ड नष्ट करायचा विषय. पोरं म्हणतात, "सर, अठरा झाले की रेकॉर्ड आपोआप पुसतं ना?" नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवता येतं, त्याहून जास्त नाही, मग नष्ट करायचं. गणित करा, सतराव्या वर्षी ऑर्डर झाली तर सात वर्षं चोविसाव्या वर्षी भरतात, आणि अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना २०२२ ला आली तेव्हा वय ठरलं होतं साडेसतरा ते एकवीस. म्हणजे तुम्ही ग्राउंडला उतराल तेव्हा रेकॉर्ड बहुतेक कपाटातच असणार. बोर्डाकडं नष्ट करण्याच्या ऑर्डरसाठी अर्ज जरूर करा, पण त्या भरवशावर फॉर्म भरू नका.

फॉर्म भरताना

इथं पोरं फसतात. आमच्याकडचा एकजण, सोळाव्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली होती, बोर्डानं समज देऊन सोडलेलं. पळायला वाऱ्यासारखा, मेडिकल फिट. फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. कोणीतरी सांगितलं "नाही" लिही, यानं लिहिलं. चारित्र्य पडताळणीला पोलीस स्टेशनला बोलावलं तेव्हा मी सोबत होतो. हवालदारांनी जाड रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, एका ओळीवर बोट थांबलं आणि त्यांनी नुसतं वर बघितलं. पोरगं घामानं भिजलं होतं. पुढं अडचण त्या मारामारीची झालीच नाही, "नाही" या शब्दाची झाली, वकील, अर्ज सगळं करेपर्यंत त्याची बॅच ट्रेनिंगला निघून गेली.

म्हणून प्रश्न अक्षर न् अक्षर वाचा. अटक झाली होती का, केस चालू आहे का, शिक्षा झाली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सांगितलं की दिलेली माहिती खरी पाहिजे, जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगायला उमेदवार बांधील आहे, आणि लहान वयातली क्षुल्लक गोष्ट लपवली गेली तरी भरती करणारे ती सोडून देऊ शकतात. सोडतीलच असं नाही. अलाहाबाद हायकोर्टानं तर २०२१ ला म्हटलं की बालपणीच्या केसची माहिती विचारणं हेच खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. तरी माझं मत विचाराल तर थेट विचारलं असेल तर खरं लिहा, "घटनेच्या वेळी अल्पवयीन, बाल न्याय मंडळाकडून प्रकरण निकाली, कलम २४ लागू" असं एका ओळीत लिहून ऑर्डर जोडा. त्याआधी एकदा वकिलाला प्रश्न दाखवा. जूनमध्ये २०२२ ला अग्निपथविरोधी जाळपोळ झाली तेव्हा सैन्यानं जाहीर सांगितलं होतं की पोलीस पडताळणी शंभर टक्के होणार, त्यामुळं कोणाला कळणार नाही हे डोक्यातून काढून टाका.

आणि "नाव काढून देतो, एवढे द्या" म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागं फिरा. आता तुम्ही अठराच्या पुढं आहात, खोटा दाखला केला तर ती नवी केस आणि तिला कुठलंच संरक्षण नाही.

नकार आला तर

कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. मग ऑर्डर, वयाचा पुरावा आणि कलम २४ जोडून त्याच ऑफिसला अर्ज करा, पोच घ्या. तिथं झालं नाही तर हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, करता येते, मात्र वयाची मर्यादा आणि बॅच दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत, तेव्हा आठवड्याच्या आत वकील गाठा.

फाइलमध्ये बोर्डाच्या ऑर्डरच्या दोन सर्टिफाइड कॉपी ठेवा. एक लागली तर द्यायला, दुसरी घरातच आईकडं, कारण रॅलीच्या गर्दीत पावसात भिजलेल्या फाइली मी डोळ्यानं बघितल्यात.