मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर कसे करावे: कोर्टकचेरीच्या कामापुरते

महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत बरेचसे कामकाज मराठीत चालते. प्रकरण वर गेले की भाषा बदलते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मग फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते या सगळ्यांचे इंग्रजी करून जोडावे लागते. हे काम मुरलेले अनुवादक करतात, तसेच वकिलांकडचे नवे ज्युनिअरही करतात.

यातल्या अवघड शब्दांना फारसे घाबरू नका. 'तारण गहाण' किंवा 'बक्षीसपत्र' कोशात सापडते. घोळ होतो तो 'ते', 'हो', 'होता' असल्या शब्दांत, कारण त्यांच्यासाठी कोणी कोश उघडत नाही.

आधी कागद शेवटपर्यंत वाचा

वाचता वाचता माणसांची आणि गावांची नावे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. त्याच प्रकरणात आधीचा एखादा इंग्रजी कागद किंवा आधार कार्ड असेल तर स्पेलिंग तिथूनच घ्या. तसे काही नसेल तर मराठी वळण ठेवा: ज्ञानेश्वरमधला 'ज्ञ' आपण डी-एन-वाय असा लिहितो, हिंदीसारखा जी-वाय असा नाही. 'वाघ' या आडनावाचे स्पेलिंग डब्ल्यूने करायचे की व्हीने, हे पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा. मुळात मात्र एकाच माणसाला कुठे 'बाळू' आणि कुठे 'बाळासाहेब' म्हटले असेल, तर दोन्ही तसेच राहू द्या. तो एकच माणूस आहे हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

तारखांचा महिना अक्षरांत लिहा. ०५/०४/२०२३ ही आपल्याला पाच एप्रिल असते, अमेरिकन वाचकाला चार मे. भारतीय न्यायालयासाठी लाख-कोटी आणि आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम चालतात. परदेशी वकिलातीसाठी तोच कागद करताना मिलियनमध्ये आकडा द्या. जमिनीचे क्षेत्र मुळात ज्या मापात असेल त्याच मापात ठेवा. हेक्टर-आर असेल तर त्याचे एकर-गुंठे करू नका, अगदीच गरज वाटली तर तळटीप द्या (चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर). 'आर'चे इंग्रजी स्पेलिंग आणि 'आहेत' या अर्थाच्या क्रियापदाचे स्पेलिंग एकच असल्यामुळे संगणक तिथली चूक दाखवत नाही, डोळ्यांनीच तपासावे लागते. आणि जुन्या कागदातला 'चार आणे हिस्सा' म्हणजे रक्कम नव्हे. सोळा आण्यांतले चार, म्हणजे पाव हिस्सा.

'ते' म्हणजे कोण आणि किती?

खरा वेळ इथे द्या. "वडील घरी आले, ते जेवले आणि झोपले." याचे इंग्रजी करताना 'दे' लिहिले की घरात एक माणूस येतो आणि जेवतात अनेक. आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नाही, तिथे साधा 'ही' हवा. हे उदाहरण सोपे आहे, संदर्भातून कळते. पण जबाबात "नंतर त्यांनी मला काठीने मारले" असे असते तेव्हा काय? 'त्यांनी' म्हणजे एक आदरणीय पुरुष, एक आदरणीय बाई किंवा अनेक माणसे, काहीही असू शकते. फौजदारी कायद्यात पाच किंवा अधिक माणसे असली की बेकायदेशीर जमावाची कलमे लागू शकतात, त्यामुळे मारणारा एक की अनेक यावर बरेच काही अवलंबून असते.

यावर उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणा आहे. प्रत्येक 'ते', 'त्या', 'त्यांनी', 'त्यांना'समोर समासात पेन्सिलने माणसाचे नाव लिहा. नाव नक्की झाले की इंग्रजीत योग्य सर्वनाम आपोआप येते. नक्की होत नसेल तर अंदाजाने 'ही' किंवा 'दे' दडपून देऊ नका. चौकटी कंसात 'मूळ मराठीत एकवचन की बहुवचन हे स्पष्ट नाही' अशी टीप इंग्रजीत द्या. संगणकी भाषांतराचा कच्चा मसुदा वापरत असाल तर सर्वांत आधी हीच जागा तपासा, कारण यंत्र इथे काहीतरी एक निवडून बिनदिक्कत पुढे जाते.

नात्यांचेही तसेच. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या सगळ्या इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ' होतात. सासरच्या छळाच्या फिर्यादीत नणंद आणि जाऊ यांची सरमिसळ झाली तर भलत्याच बाईवर आरोप जातो. म्हणून 'हज्बंड्स सिस्टर', 'हज्बंड्स ब्रदर्स वाइफ' असे उलगडून लिहा. वारसाच्या कागदात काका, मामा, आत्या, मावशीसाठीही हेच करा. 'कझिन ब्रदर' भारताबाहेर खटकते. 'कझिन' पुरते, वाटणीचा प्रश्न असेल तर 'सन ऑफ फादर्स ब्रदर' लिहा.

आता व्याकरण, थोडक्यात

"मी काल मुंबईला गेलो होतो" याचे चांगले इंग्रजी 'आय वेंट टु मुंबई येस्टरडे' असे होते. मराठीतला 'होतो' पाहून 'हॅड गॉन' लिहायची सवय आपल्याला फार आहे. 'हॅड' तेव्हाच हवा, जेव्हा भूतकाळातल्या एका घटनेच्या आधीची दुसरी घटना सांगायची असते. "दहा वर्षांपासून इथे राहतो" याला 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' नको. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' हवे. 'सिन्स'पुढे ठरावीक साल किंवा तारीख येते.

दागिने अनेक असले तरी 'ज्वेलरी' एकवचनीच. 'एव्हिडन्स', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' यांनाही अनेकवचनाचा एस लावू नका. 'पोलीस' या शब्दाला मात्र अनेकवचनी क्रियापद लागते. मराठीत नसलेली आर्टिकल्स कशी घालावीत? पहिल्यांदा येणाऱ्या 'एका इसमा'ला 'अ मॅन', त्यानंतर तोच इसम 'द मॅन'. सरकारी मराठीतल्या 'सदर'साठी दरवेळी 'द सेड' लिहिण्याचीही गरज नाही. बहुतेक ठिकाणी नुसत्या 'द'ने भागते.

पंचनाम्यातले वाक्य कधी कधी पानभर लांबते. त्याचे इंग्रजीत चार-पाच तुकडे करायला हरकत नाही, मात्र घटनांचा क्रम हलता कामा नये. कर्ता आणि क्रियापद जवळ ठेवा. "जप्त करण्यात आले" असे असेल आणि कोणी केले ते मुळात नसेल, तर कर्मणीच ठेवा. पोलिसांनीच केले असणार, असे गृहीत धरून कर्ता घुसवू नका. साक्षीदाराच्या जबाबाला तर अजिबात इस्त्री करू नये. तो अडखळत, तेच तेच सांगत असेल तर इंग्रजीतही तसेच यायला हवे.

'एक्स्पायर्ड' न लिहिता 'डाइड' लिहा. 'डू द नीडफुल' आणि 'रिव्हर्ट बॅक' काढून टाका. 'पास्ड आउट ऑफ कॉलेज' वाचून इंग्रज माणसाला विद्यार्थी चक्कर येऊन पडला असे वाटू शकते.

तोंडी भाषांतर करत असाल तर

साक्षीदार 'मी' म्हणाला की तुम्हीही 'आय' म्हणा. 'ही सेज दॅट'ची शेपटी लावू नका. स्वतःच्या वतीने काही विचारायचे असेल तर 'दि इंटरप्रिटर' असा तिसऱ्या पुरुषात उल्लेख करा, म्हणजे बोलणे कोणाचे याचा गोंधळ होत नाही. आकडे, तारखा आणि नावे ऐकताक्षणी लिहून घ्या.

सर्वांत मोठा खड्डा नकारार्थी प्रश्नाचा. "तुम्ही तिथे नव्हता ना?" याला मराठी माणूस "हो" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, बरोबर, मी नव्हतो. नुसते 'येस' सांगितले तर इंग्रजीत उलटा अर्थ होऊ शकतो. तिथे 'नो, आय वॉज नॉट' असे पूर्ण वाक्य द्या. त्याला काय म्हणायचे आहे याची शंका असेल, तर न्यायाधीशांची परवानगी घेऊन प्रश्न पुन्हा विचारायला सांगा. स्वतःच खुलासा मागून मोकळे होऊ नका.

हातावेगळे करण्यापूर्वी

शिक्के, सह्या, समासातल्या नोंदी, खाडाखोड हेही कागदाचेच भाग आहेत. 'डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा', 'गोल शिक्का, अक्षरे अस्पष्ट' असे चौकटी कंसात इंग्रजीत लिहा. मग दोनदा तपासा: एकदा फक्त आकडे, तारखा आणि नावे मुळाशी ताडून, दुसऱ्यांदा मराठी बाजूला ठेवून केवळ इंग्रजी मोठ्याने वाचून. भाषांतर सेवांसाठीचे आयएसओ १७१०० हे मानक अनुवादकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मजकूर मुळाशी ताडून पाहावा असे सांगते. घरगुती पातळीवरही एखाद्या सहकाऱ्याला मराठी वाचायला बसवून तुम्ही इंग्रजी पाहिलेत, तर गाळलेली ओळ हमखास सापडते. शेवटी भाषांतर बरोबर असल्याचा दाखला, तुमची सही, तारीख आणि प्रत्येक पानावर पृष्ठक्रमांक. मुळाची जी प्रत पाहून काम केले तिची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा; प्रश्न आले तर ते दोन-तीन वर्षांनीही येऊ शकतात.